टिटवीची अंडी, गाईचा खूर आणि मधलं शून्य

माळावरचा | १२ मे, रात्री ९.४०

परवा सुप्याच्या माळावर चिंकारे बघायला गेलो होतो. चिंकारे लांबून दिसले, पण सगळी सकाळ गेली ती एका टिटवीपाशी.

मुरमाड जमीन, गवत वाळून पिवळं पडलेलं. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाहीच. जमिनीत जरासा खळगा, कडेनं खडे आणि शेळीच्या लेंड्या, आत चार अंडी. मातकट रंगावर काळे ठिपके, निमुळती टोकं आतल्या बाजूला वळवून ठेवलेली. दोन हातांवर उभा होतो तरी पहिल्यांदा माझी नजर त्यांच्यावरून तशीच निघून गेली. मला बघून पक्षीण केव्हाच उठली होती आणि लांब जाऊन ओरडत होती. मी मागं सरकून बाभळीखाली बसलो. पाच-सात मिनिटांत ती चालत परत आली आणि अंड्यांवर बसली.

मग गुरं आली. वीस-बावीस असतील, मागं गुराखी पोरगा. मला वाटलं, माझ्यासारखंच यांना बघूनही ती उडेल. ती उडाली नाही. पहिली गाय हातभर अंतरावर आली तशी ती अंड्यांवर उभी राहिली, दोन्ही पंख पसरले आणि थेट गाईच्या तोंडावर धावली. गाय बिचकून बाजूनं गेली. दुसरीचं तसंच. तिसरी कालवड होती, गवत हुंगत मागच्या अंगानं आली. तिचा मागचा खूर खळग्याच्या कडेवर पडला. चारातलं एक अंडं गेलं. कालवडीनं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आल्यापासून ती कालवड डोक्यातून जात नाही. हे शिकारीत बसत नाही, कारण तिनं अंडं खाल्लं नाही. परजीवी म्हणावं तर तिला त्यातून काही मिळालं नाही. स्पर्धाही नाही, दोघींना हवं ते वेगळं. एकीचं नुकसान, दुसरीच्या खात्यावर शून्य. परिसरशास्त्रात याला अमेन्सालिझम म्हणतात. लॅटिनमध्ये मेन्सा म्हणजे जेवणाचं टेबल. कॉमेन्सल म्हणजे एका पंगतीला बसणारे. ते उदाहरणही त्याच कळपात चाललं होतं: गायबगळे. गाय चालली की गवतातले नाकतोडे उडतात, बगळा टिपतो, गाईचं काही जात नाही. अमेन्सल म्हणजे पंगतीतून उठवलेला. तीच गाय, तेच पाऊल. बगळ्याचं पोट भरलं, टिटवीचं अंडं फुटलं आणि गाईला दोन्हीचा पत्ता नाही.

मला सगळ्यात लागतं ते हे. वाघानं हरणं जास्त मारली तर हरणं कमी होतात आणि वाघाचीच उपासमार होते. तिथं लगाम आहे. इथं माळावरच्या सगळ्या टिटव्यांची अंडी फुटली तरी गाईच्या दुधात थेंबाचा फरक पडणार नाही, म्हणून तिच्या बाजूनं कधी काही बदलणारही नाही. बदलायचं ते टिटवीनंच. माणूस किंवा कुत्रा आला की लांब जाऊन ओरडायचं, गाय आली की अंड्यांवर उभं राहून पंख पसरायचे, हा फरक तिच्या रक्तात उतरलाय. गाईच्या रक्तात टिटवीबद्दल काही नाही.

तुमच्या पाहण्यातली अशी एकतर्फी उदाहरणं सांगा. पुस्तकातली चालतील, शेतातली असतील तर फारच बरं.

बांधावरची | १२ मे, रात्री १०.२५

वाचताना पोटात कालवलं. आमचे आबा कुळव चालवताना टिटवीची अंडी दिसली की तेवढी जागा सोडून पाळी घालायचे. सगळं रान काळंभोर आणि मधेच परातीएवढा हिरवा ठिपका. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस जास्त, हेही ते सांगायचे.

माझं उदाहरण बांधावरचं. शेजाऱ्यांच्या बांधाला तीन जुने लिंब आहेत. त्यांच्या सावटात आमच्या ज्वारीच्या सहा-सात ओळी दरवर्षी बसतात. बाकीची ताटं डोक्याच्या वर आणि बांधालगतची कंबरेला. कणीस मुठीत मावेल एवढं, दाणा बारीक. दोन पाचुंदे कडबा तरी जातोच. लिंबाला त्याचं काहीच नाही. हे तुमच्या शून्यात बसतं का?

चिकित्सक | १३ मे, सकाळी ७.१०

ताई, तुमच्या ज्वारीवरच अभ्यासकांचे वाद झालेत. ऊन दोघांनाही हवंय, म्हणजे मुळात ही स्पर्धाच. पण लिंबाचा शेंडा ज्वारीच्या कितीतरी वर, त्याचं ऊन ज्वारी कधीच अडवू शकत नाही. राहिलं पाणी. ज्वारीची मुळं वरच्या थरातली थोडी ओल घेतात, पण जुन्या लिंबाला तेवढ्यानं काय होतंय? एक वर्ष त्या ओळी पेरू नका आणि लिंब जास्त फुटतो का बघा. फरक पडला नाही तर लिंबाच्या बाजूला शून्य लिहायला हरकत नाही. पडला तर ती स्पर्धा, फक्त पारडं एकीकडं झुकलेलं.

अशी झुकलेली पारडीच निसर्गात जास्त आहेत. कीटकांमधल्या स्पर्धेची तोवर नोंदलेली उदाहरणं तपासून लॉटन आणि हॅसेल या दोघांनी १९८१ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तेच मांडलं होतं: बरोबरीची लढत कमी, एकतर्फी प्रकरणं जास्त.

माळावरचा, तुमच्या कालवडीला शोभणारं उदाहरण स्पेनमधलं आहे. सिएरा नेवाडा पर्वतात आयबेक्स नावाचे रानबोकड आणि काही भुंगेरे एकाच झुडपावर जगतात. भुंगेऱ्यांनी खाल्लेलं बोकडाच्या गावीही नसतं. बोकड मात्र झुडूप ओरबाडतो, भुंगेऱ्याचं अन्न जातं, आणि पानाफांदीवर बसलेले भुंगेरेही पाल्याबरोबर पोटात जातात. खायचा होता पाला.

ओहायोकर | १३ मे, सकाळी ९.०५

इथं ओहायोत आमच्या परसात ब्लॅक वॉलनटचं मोठं झाड आहे. आपल्या अक्रोडाचा अमेरिकी चुलतभाऊ. घर घेतलं त्या वर्षी हौसेनं त्याच्या जवळच टोमॅटो लावले. जूनअखेर रोपं कंबरेला आली, फुलं धरली आणि एका सकाळी सगळी माना टाकून उभी. माती ओली होती. वाटलं पाणी जास्त झालं, थांबवलं. आठवड्यात वाळून गेली. रोप उपटून दांडा चिरून पाहिला तर आत तपकिरी रेघा. त्याच दिवशी त्याच पुड्यातलं बी घराच्या दुसऱ्या बाजूला लावलं होतं, तिथं सप्टेंबरपर्यंत टोमॅटो तोडले.

शेजारच्या आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, वॉलनटखाली टोमॅटो कोण लावतं? झाडाच्या मुळांत, पानांत आणि फळाच्या हिरव्या सालीत एक साधा पदार्थ असतो. हवा लागली की त्याचं जुग्लोन होतं. टोमॅटो, बटाटा, सफरचंद यांना ते बाधतं असं इथले सगळे बागवाले मानतात. व्हर्जिनियात मॅसी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९२५ सालीच वॉलनटभोवती कोमेजणाऱ्या टोमॅटो आणि लसूणघासाच्या नोंदी केल्या होत्या. अक्रोडाची सावली वाईट, हे तर रोमन प्लिनीनंही लिहून ठेवलंय. ती साल सोलल्यावर हात असे काळे होतात की दोन आठवडे मेंदीसारखा रंग जात नाही, हे माझ्या हातांवर पाहिलंय.

माझे टोमॅटो गेले, झाडाला काय फायदा? टोमॅटो तसाही वॉलनटशी काय भांडणार होता?

चिकित्सक | १३ मे, दुपारी १.३०

ओहायोकर, दांडा चिरून पाहिलात आणि दुसऱ्या बाजूची रोपं जोडीला होती, म्हणून तुमच्या नोंदीला वजन आहे. तरी जरा थांबून एक गोष्ट ऐका. या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे ही.

एका झाडातल्या द्रव्यांचा दुसऱ्या झाडावर होणारा परिणाम म्हणजे अ‍ॅलेलोपथी. हा शब्द ऑस्ट्रियाच्या हान्स मोलिश यांनी १९३७ साली दिला. हेच मोलिश त्याआधी काही महिने कोलकात्याला जगदीशचंद्र बोसांच्या संस्थेत येऊन राहिले होते. हा शब्द दिला तेव्हा ते पिकलेल्या सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूचा शेजारच्या रोपांवर काय परिणाम होतो हे बघत होते. आंब्याच्या अढीत एक पिकला की बाकीचे पिकतात, ते याच वायूनं.

पुढं १९६४ साली कॅलिफोर्नियात म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निरीक्षण छापलं. तिथल्या डोंगरउतारांवर साल्व्हियाची, म्हणजे रानसेजची, उग्र वासाची झुडपं गवताळ जमिनीला लागून उगवतात. प्रत्येक झुडपाभोवती मीटर-दोन मीटरचा पट्टा साफ उघडा, गवताची काडी नाही. विमानातून काढलेल्या फोटोतही तो दिसतो. पानांतून उडणारी तेलं मातीत बसतात आणि गवताचं बी रुजू देत नाहीत, असं त्यांनी मांडलं. प्रयोगशाळेत त्या वासानं रोपांची मुळं खुंटलीही. पाठ्यपुस्तकांत छापायला याहून चांगलं काय हवं?

मग १९७० साली बार्थोलोम्यू नावाच्या संशोधकानं एक साधी गोष्ट केली. त्या उघड्या पट्ट्यात तारेचे पिंजरे ठेवले. उंदीर आणि ससे आत जाऊ शकणार नाहीत एवढंच. झुडूप तेच, वास तोच, माती तीच. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. ससे-उंदीर ससाण्याच्या भीतीनं झुडपात दडतात आणि चरायला बाहेर आले तरी झुडपापासून फार लांब जात नाहीत. तेवढा पट्टा त्यांनीच खाऊन साफ केलेला असतो.

म्हणजे नुकसान डोळ्यांना दिसत होतं, गुन्हेगारही शेजारीच उभा होता, आणि तरी मधे तिसरंच कोणीतरी होतं. वॉलनटच्या बाबतीतही मुळं किती पाणी ओढतात आणि जुग्लोन मातीत खरंच किती टिकतं, यावर अजून वाद आहेत. तुमच्या झाडाला मी निर्दोष म्हणत नाही. पिंजरा लावल्याशिवाय निकाल देऊ नये, एवढंच.

पिंपरीची सून | १३ मे, रात्री ८.५०

सासरे हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते, त्यामुळं आमच्या घरात या विषयाचा फोटोच भिंतीवर आहे. १९५४ साली कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची. त्या टाक्यांचा वास कपड्यांना घेऊन लोक घरी यायचे, असं सासूबाई सांगतात.

फ्लेमिंगची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९२८, लंडनचं सेंट मेरीज हॉस्पिटल. सुट्टीवरून परत आल्यावर जिवाणूंच्या एका बशीत बुरशी पडलेली दिसली आणि तिच्याभोवती जिवाणू विरघळलेलं स्वच्छ रिंगण. सासऱ्यांना त्याच्या पुढचं सांगायला जास्त आवडायचं. बुरशीला स्वतःच्या विषाची झळ का लागत नाही? तर पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. जिवाणू वाढायला जातो आणि भिंत अर्धवट राहिल्यानं फुटतो. बुरशीची भिंत वेगळ्याच मालाची, कायटिनची. त्या औषधाला तिथं धरायला काही सापडतच नाही. आपल्या पेशींना तर भिंतच नाही, म्हणून ते आपल्याला चालतं.

आता बुरशीला यातून खरंच काही मिळत नाही का? शिळ्या भाकरीवर जिवाणू कमी झाले तर भाकरी बुरशीला जास्त मिळणार, असं मला तरी वाटतं. चिकित्सक, तुमचं मत?

चिकित्सक | १३ मे, रात्री ९.३०

मला तुमचंच पटतं. पाठ्यपुस्तकं पेनिसिलियम सर्रास अमेन्सालिझमखाली टाकतात, पण भाकरी दोघांनाही हवी असेल तर ते स्पर्धेतलं हत्यार झालं.

यात माळावरच्यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. १९४० साली, पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचण्याच्याही आधी, एब्राहम आणि चेन यांना पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर एका जिवाणूत सापडलं होतं. ज्याला मार बसतो त्यानंच ढाल शोधली. टिटवीचे पंख आणि जिवाणूचं विकर, एकाच जातीची गोष्ट.

नवखा_शेतकरी | १४ मे, सकाळी ६.४५

गाजर गवत यात येईल का? आमच्या पडीक रानात दुसरं काही उगवूच देत नाही.

माळावरचा | १४ मे, सकाळी ८.००

नाही येणार. त्याच्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्यानं शेजारची रोपं दबतात हे खरं, पण मोकळी झालेली जागा तेच बळकावतं. चांगला घसघशीत फायदा आहे. १९५५ च्या सुमाराला पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि आज देशात कुठं नाही ते सांगा. टाकळा दाट येऊ दिला तर तो गाजर गवताला मागं सारतो, पडीक जागेत करून बघा. कोवळ्या टाकळ्याची भाजीही मिळेल. उपटताना हातमोजे घालाच, त्वचेला फार वाईट बाधतं.

सड्यावरून | १४ मे, दुपारी ४.१५

मी साताऱ्याचा. पावलांचा विषय निघालाय तर कासबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कासचा सडा म्हणजे जांभ्या दगडावर काही इंच माती, कुठं तेवढीही नाही. त्यात सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आणि ठरावीक डबक्यांत वायतुरा. सीतेची आसवं तर बोटाएवढी उंच. फोटोसाठी एक माणूस आत शिरून खाली बसला की बुटाखाली आणि मांडीखाली शंभरेक रोपं सहज जातात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कास आलं, आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागू लागली. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. आत शिरणाऱ्यातल्या एकालाही त्या फुलांचं वाईट करायचं नसतं. सगळे प्रेमानंच आलेले असतात. मी हे पोटतिडकीनं सांगतोय, कारण मी स्वतः शाळेत असताना मित्रांबरोबर त्या सड्यावर क्रिकेट खेळलोय, ऑगस्टमध्ये.

पण गुरांच्या खुरांचा हिशेब इतका सरळ नाही. कुंपण घालून चराई थांबवल्यावर उंच गवत माजतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही, असं गावकरी आणि कित्येक अभ्यासकही सांगत आले. म्हैस एका पावलाला दहा रोपं मोडते आणि एका घासाला गवत कमी करून शंभरांना ऊन देते. शिवाय गवत खाऊन तिचंही पोट भरतं. तेव्हा ते शून्य पावलापुरतं मोजायचं की अख्ख्या हंगामाचं? माळावरचा, तुमच्या माळावरही गुरं यायची थांबली तर टिटवीला उघडी जमीन राहील का, हे बघायला हवं. तिला दाट, उंच गवतात अंडी घालताना मी तरी कधी पाहिलं नाही.

माळावरचा | १४ मे, रात्री १०.१०

सड्यावरून, हा विचार मी केलाच नव्हता. टिटवी उघडीच जागा निवडते, चारी बाजूंनी येणारं दिसलं पाहिजे म्हणून. ती जागा उघडी ठेवतात गुरं-मेंढरंच. म्हणजे एका खुरानं फोडलेलं अंडं आणि त्याच खुरांनी राखलेला माळ. माझं पहिलं पोस्ट त्या एका सकाळपुरतं खरं आहे, एवढं मी आता म्हणेन. अंडं फुटलं ते मात्र फुटलंच.

बांधावरची | १५ मे, सकाळी ७.३०

याला मराठीत काय म्हणायचं? कॉमेन्सलला सहभोजी आहे. अमेन्सालिझम म्हणताना आमच्या शाळेतल्या पोरांची जीभ अडते. 'एकतर्फी बाधा' कसं वाटतं? बाधा कोणी मुद्दाम केलेली नसली तरी होते. उन्हाची होते, पाण्याची होते. आणि टिटवीही समुद्र आटवते असं आपणच म्हणतो, तर तिच्या दुःखाला आपल्या भाषेत नाव पाहिजेच.

चिकित्सक | १५ मे, सकाळी ९.००

एकतर्फी बाधा. मी उद्यापासून वर्गात हाच वापरणार.

ओहायोकर | १५ मे, सकाळी ९.४५

मलाही आवडला. यंदा पिंजऱ्याच्या धर्तीवर एक करतोय. वॉलनटखाली चार टोमॅटो थेट मातीत, चार तळ नसलेल्या पण बाजूंनी पत्रा खोल गाडलेल्या वाफ्यात, म्हणजे झाडाची मुळं आडवी आत येणार नाहीत, आणि चार कुंडीत. पाणी सगळ्यांना सारखं. ऑगस्टमध्ये इथंच कळवतो.

माळावरचा | १० जून, रात्री ८.२०

धागा वर काढतोय. टिटवी साधारण २८ ते ३० दिवस अंडी उबवते, म्हणून काल पुन्हा सुप्याला गेलो. वळवाचा एक पाऊस होऊन गेलाय, माळाला हिरवी झाक आलीय. खळगा सापडला, रिकामा. कवचाचे तुकडेही नाहीत. मी धसकलोच.

तो गुराखी पोरगा तिथंच होता. म्हणाला, तुम्ही त्या दिवशी का बसला होता ते नंतर कळलं, अंडी दिसली. तेव्हापासून तो गुरं त्या बाभळीच्या पलीकडून नेतोय. खुणेला दगड ठेवलेस का, विचारलं, तर नाही म्हणाला, खूण केली की कावळ्यालाही कळतं. बारा-तेरा वर्षांचा असेल.

मग त्यानं बोट दाखवलं. पन्नासेक पावलांवर टिटवी ओरडत होती आणि तिच्या पुढं जमिनीच्याच रंगाचं काहीतरी पळालं, थांबलं, दिसेनासं झालं. थोड्या वेळानं दुसरं. पाय शरीराच्या मानानं भलतेच लांब. तासभर बसलो. तीन अंडी राहिली होती, पिल्लं मला दोनच दिसली. संध्याकाळी गुरं परतताना एक वासरू कळप सोडून तिकडं वळलं, तशी दोन्ही पिल्लं जागच्या जागी दबली आणि आई पंख पसरून वासराच्या आडवी उभी राहिली. पोरानं हाळी दिली, वासरू मागं फिरलं.